ईमेलमधला ‘ध’चा ‘मा’ कसा ओळखायचा

‘तुमच्या खात्यात संशयास्पद हालचाल आढळली आहे. २४ तासांत पडताळणी न केल्यास खाते कायमचे बंद करण्यात येईल.’ खाली भलंमोठं निळं बटण. ईमेल वापरायला लागून चार दिवस होत नाहीत तोच असा एखादा मेल येऊन थडकतो आणि नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. असा मेल माझ्यापुढे धरून लोक बहुतेक एकच विचारतात, “हा खरा आहे की खोटा?”

नुसत्या दर्शनावरून ते मलाही सांगता येत नाही. बोधचिन्ह, रंग, सही, तळाची बारीक अक्षरं, सगळं मूळ कंपनीच्या मेलवरून उचलून चिकटवायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून मी निवाडा करत बसत नाही. दोन सवयी लावून घेतल्या आहेत. लिंकच्या पत्त्यात एक छोटा तुकडा असा असतो, जिथे ठगाला दुसऱ्याचं नाव लिहिताच येत नाही. तो तुकडा वाचायचा. आणि शंका असो वा नसो, पैशाच्या किंवा पासवर्डच्या कामाला मेलने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही. पुढच्या पायऱ्यांमध्ये हेच दोन धागे पुन्हा पुन्हा येतील.

पायरी १ : मेल काय करायला सांगतोय ते एका वाक्यात म्हणा

मेल वाचून झाला की मनातल्या मनात म्हणा, “हा मला इथे दाबून पासवर्ड टाकायला सांगतोय.” किंवा “हा मला फाइल उघडायला सांगतोय.” एवढं म्हटलं की मेलचा अर्धा तोरा उतरतो. फसव्या मेलच्या मागण्या मोजून चार असतात: लिंक दाबा, फाइल उघडा, पैसे पाठवा, माहिती कळवा. त्याला फोडणी भीतीची, हावेची, घाईची किंवा साहेबाच्या दराऱ्याची. मागणी आणि घाई एकाच मेलमध्ये भेटल्या की हात कीबोर्डवरून काढून घ्या. खरोखर बंद होणारं खातं तुम्ही दहा मिनिटं उशिरा पाहिलंत म्हणून काही जास्त बंद होत नाही.

‘चुकीची भाषा दिसली की मेल खोटा’ हा सल्ला अजून फिरत असतो. भाषा गचाळ असेल तर सावध व्हाच, पण शुद्ध भाषेवरून मेल खरा ठरवू नका. आता यंत्राकडून कुणालाही निर्दोष मजकूर लिहून घेता येतो. शिवाय सगळ्या चुका अडाणीपणातून होत नाहीत. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. परदेशातल्या अफाट संपत्तीची थाप मारणारे ठग इतकी अविश्वसनीय गोष्ट का सांगतात, हा त्याचा प्रश्न. हर्ली यांचा तर्क असा की शहाणी माणसं पहिल्याच मेलला गळून जावीत आणि जो उत्तर देईल तो शेवटपर्यंत भुलणारा असावा, ही चाळणी ठगाच्या फायद्याचीच असते.

पायरी २ : पाठवणाऱ्याचं नाव सोडा, पत्ता पाहा

मेलच्या माथ्यावर ठळक अक्षरांत जे नाव दिसतं ते पाठवणाऱ्याने स्वतः टाईप केलेलं असतं. तिथे कुणीही ‘ग्राहक सेवा विभाग’ लिहू शकतो, तुमच्या वरिष्ठांचं नावही लिहू शकतो. नावावर टिचकी मारा, फोनवर बोट टेकवा. मागचा पूर्ण पत्ता उघडेल. कंपनीचं नाव मोठं आणि पत्ता फुकटच्या मेलसेवेतला, असं दिसलं तर पुढे वाचायची गरजच नाही. ‘उत्तर द्या’ दाबल्यावर भलताच पत्ता उमटला तर तीही धोक्याची खूण.

पत्ता बरोबर दिसला तरी पूर्ण निश्चिंत होऊ नका. ईमेल पोचवण्याची मूळ पद्धत १९८२ साली प्रमाणित झाली, तेव्हा जाळ्यावर एकमेकांवर भरवसा ठेवणारी मंडळी होती. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून आपण कुणाचंही नाव लिहिलं तरी टपाल जातं, तसंच ईमेलचं होतं. पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का ते तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन पडताळण्या त्यावर चढवल्या गेल्या. गूगल आणि याहू यांनी तर फेब्रुवारी २०२४ पासून, मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. त्यामुळे दुसऱ्याचा पत्ता जसाच्या तसा वापरणं अवघड झालं आहे, अशक्य नाही. आणि मित्राचं खातं चोराच्या हाती गेलं असेल, तर पत्ता शंभर टक्के खरा असूनही मेल चोराचाच.

पायरी ३ : लिंक दाबण्याआधी लिंक वाचा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ते हे.

आधी लिंक जाते कुठे ते पाहायचं. संगणकावर माउसचा बाण लिंकवर नुसता न्या, दाबू नका. खिडकीच्या तळाशी किंवा बाणाजवळ खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरा. काही फोनवर तेव्हा पानाची झलकही उघडू लागते. ती बंद करण्याचा पर्याय तिथेच असतो, तो वापरा. मेलमध्ये छापलेल्या निळ्या अक्षरांवर विसंबू नका. अक्षरांत एक पत्ता आणि आत दुसराच, असं करणं अगदी पोरखेळ आहे.

आता तो पत्ता वाचायची रीत. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली एकटी तिरपी रेघ (किंवा तिच्याआधी ? वा # आला तर तो) जिथे येते तिथे बोट ठेवा. ती नसेल तर पत्त्याच्या शेवटी ठेवा. तिथून उलटं, डावीकडे वाचत या. टिंबांनी तोडलेले पहिले दोन तुकडे म्हणजे त्या जागेचा मालक. यालाच डोमेन म्हणतात. ते पैसे भरून नोंदवावं लागतं आणि एका वेळी एकाच्याच मालकीचं असतं, म्हणून ठगाला तिथे तुमच्या बँकेचं डोमेन जसंच्या तसं घालता येत नाही. बाकी सगळीकडे येतं.

‘माझीबँक’ नावाची एक काल्पनिक बँक घेऊ. प्रत्यक्षात हे पत्ते बहुधा रोमन लिपीत असतात, पण रीत तीच.

माझीबँक.कॉम/लॉगिन : मालक माझीबँक.कॉम. ठीक.

कार्ड.माझीबँक.कॉम/लॉगिन : उलटं वाचलं की पुन्हा माझीबँक.कॉम. हेही ठीक, पुढचं ‘कार्ड’ हा त्याच घरातला एक कप्पा.

माझीबँक.कॉम.खाते-तपासणी.नेट/लॉगिन : मालक खाते-तपासणी.नेट. बँकेचं नाव नुसतं दारावर टांगलेलं.

खाते-तपासणी.नेट/माझीबँक.कॉम : मालक तोच ठग. एकट्या तिरप्या रेघेनंतर काय लिहायचं ते मालकाच्या मर्जीवर.

माझीबँक.कॉम@खाते-तपासणी.नेट : पहिल्या तिरप्या रेघेच्या आत @ असेल तर त्याच्या आधीचा मजकूर ब्राउझर वापरकर्त्याचं नाव समजतो. खरा पत्ता @ नंतरचा.

माझीबँक-सुरक्षा.कॉम : हा सगळ्यात जास्त फसवतो. मधल्या आडव्या रेघेमुळे तो बँकेचाच विभाग वाटतो, पण हे संपूर्ण वेगळं नाव आहे आणि ते कुणीही नोंदवू शकतं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. काही देशांत पत्त्याचं शेपूटच दोन तुकड्यांचं असतं, जसं को.इन किंवा को.यूके. तिथे मालक कळायला तीन तुकडे वाचावे लागतात.

नाव वाचलं, आता अक्षरं वाचा. घाईत आपण ‘धन’चं ‘घन’ वाचतो, तसंच रोमन लिपीतही होतं. ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरं शेजारी आली की ‘एम’ वाटतो. छोटा ‘एल’ आणि आकडा १ यांत तर अनेक फॉन्टमध्ये फरकच कळत नाही. याच्याही पुढची लबाडी म्हणजे दुसऱ्या लिपीतलं हुबेहूब अक्षर. सिरिलिक लिपीतला ‘अ’ रोमन ‘ए’सारखाच दिसतो. २०१७ मध्ये एका संशोधकाने निव्वळ सिरिलिक अक्षरांत ॲपलच्या पत्त्यासारखं दिसणारं नाव नोंदवून दाखवलं, तेव्हा ब्राउझरवाल्यांनाही आपापल्या तपासण्या कडक कराव्या लागल्या. एका अक्षराने ‘ध’चा ‘मा’ होतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

फोनवर आणखी एक पंचाईत. पडदा अरुंद, म्हणून लांब पत्त्याचं तोंड दिसतं आणि शेपूट कापलं जातं. सत्य नेमकं शेपटाकडे असतं. अशी लिंक संगणकावर पाहा, किंवा सोडून द्या.

छोट्या केलेल्या लिंकांमध्ये मालक दिसतच नाही, त्यामुळे वाचण्यासारखं काही उरत नाही. क्यूआर कोडचंही तसंच; तो चित्राच्या रूपातली लिंकच आहे. मेलमध्ये कोड देऊन ‘फोनने स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचा हेतू बरेचदा हाच असतो की मेलची तपासणी करणाऱ्या यंत्रणेला लिंक दिसू नये आणि तुम्ही कार्यालयाच्या सुरक्षित संगणकावरून स्वतःच्या फोनवर यावं.

कुलपाच्या चिन्हाबद्दल एक गैरसमज फार घट्ट बसला आहे. कुलूप म्हणजे तुमच्यात आणि त्या साइटमध्ये चाललेलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही, एवढंच. समोरचा चोर असेल तर चोराशी गुप्तपणे बोलणं चाललंय. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आज फुकट मिळतं आणि ठगही ते घेतात. लोक चुकीचा अर्थ काढतात म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पत्तापट्टीतलं कुलूप काढून तिथे साधं चिन्ह ठेवलं.

डोमेन वाचण्याची सवयसुद्धा एका ठिकाणी तोकडी पडते. मोठ्या कंपन्यांच्या जागेत कुणालाही फॉर्म किंवा दस्तऐवज ठेवता येतो. मालक गूगल, पण फॉर्म ठगाचा. गूगल फॉर्म्सच्या तळाशी ‘यातून पासवर्ड देऊ नका’ अशा अर्थाची सूचना असते ती उगाच नाही.

पायरी ४ : आपल्या वाटेने जा

मेल म्हणतो खात्यात गडबड आहे. ठीक. मेल बंद करा. नवी खिडकी उघडा, पत्ता स्वतः टाईप करा किंवा आधी जपून ठेवलेली खूण (बुकमार्क) वापरा, नाहीतर फोनमधलं अधिकृत ॲप उघडा. खरोखर गडबड असेल तर तिथे सूचना दिसेल. फोन करायचा तर कार्डावर किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक लावा. मेलमधला क्रमांक लावू नका, आणि शोधयंत्रात वरच दिसणाऱ्या जाहिरातीतलाही नको.

हे किती साधं आहे आणि तरी कसं हुकतं याचा नमुना मार्च २०१६ चा आहे. अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना मेल आला: कुणीतरी तुमचा पासवर्ड मिळवला आहे, ताबडतोब बदला. दिसायला गूगलचा, लिंक मात्र छोटी केलेली. त्यांच्या माणसांनी तो तंत्रज्ञाला दाखवला, म्हणजे विचारायचं तिथे विचारलंसुद्धा. तंत्रज्ञाचं उत्तर आलं, ‘हा मेल खरा आहे, पासवर्ड लगेच बदला.’ नंतर त्याने सांगितलं की लिहायचं होतं ‘खोटा’, टाईप झालं ‘खरा’. पण मला या गोष्टीतलं वेगळंच टोचतं. त्याच उत्तरात त्याने गूगलची खरी लिंक दिली होती आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीसारखा आणखी एक पुरावा मागणारी) चालू करायलाही सांगितलं होतं. त्या लिंकने पासवर्ड बदलला असता तर मेल खरा निघो की खोटा, काहीच बिघडलं नसतं. दाबलं गेलं मूळ मेलमधलं बटण, आणि त्या वर्षी ऑक्टोबरपासून पोडेस्टांचे हजारो मेल जगासमोर आले.

पायरी ५ : जोडलेली फाइल

अपेक्षा नसताना आलेली फाइल उघडू नका. पाठवणारा ओळखीचा असेल तर दुसऱ्या मार्गाने, म्हणजे फोन करून, विचारा. मेलला उत्तर देऊन विचारलंत तर त्याचं खातं बळकावणाराच ‘हो, मीच पाठवली’ म्हणेल.

फाइलचा प्रकार नावातल्या शेवटच्या टिंबानंतर कळतो. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ नावाचा किडा, म्हणजे स्वतःच स्वतःला पसरवणारा घातक प्रोग्रॅम, जगभर पसरला, तो अशाच एका फाइलमधून. प्रेमपत्र म्हणून आलेल्या त्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ होतं आणि शेवटी ‘व्हीबीएस’. विंडोज शेवटचा तुकडा लपवत असे, म्हणून लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. विंडोज मुळात आजही तो लपवते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइलच्या नावाची शेपटं दाखवण्याचा पर्याय आहे; आजच चालू करून टाका.

वर्ड किंवा एक्सेलची फाइल उघडल्यावर ‘संपादन सुरू करा’, ‘मजकूर सक्षम करा’ असं बटण दाबायची गळ घातली जात असेल तर आत मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, दडलेला असू शकतो. २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवतं, त्यामुळे ठग आता झिप, आयएसओ आणि एचटीएमएल फाइलींकडे वळले आहेत. पासवर्ड लावलेली झिप आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये, ही जोडी दिसली तर समजा की पासवर्ड तुमच्यासाठी कमी आणि विषाणू शोधणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येऊ नये यासाठी जास्त आहे.

लिंकही नाही, फाइलही नाही

असे मेल गाळणीतून सहज सुटतात. ‘मी बैठकीत आहे, एक काम तातडीने कर’ असा साहेबांच्या नावाचा मेल, किंवा ‘आमचं बँक खातं बदललं, यापुढचं बिल इथे भरा’ असा पुरवठादाराचा. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कसने २०१३ ते २०१५ या काळात एका खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाने बनावट बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. अशा कंपन्यांचे हिशेबनीस फसतात, तिथे आपण वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. मात्र खाते क्रमांक बदलल्याचं कळलं की आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडू नका.

दुसरा प्रकार धमकीचा. ‘तुझा पासवर्ड अमुक आहे, तुझ्या कॅमेऱ्यातून तुझं चित्रीकरण केलंय, बिटकॉइन पाठव.’ पासवर्ड खरंच तुमचा जुना निघतो आणि हातपाय गळतात. तो कुठल्या तरी साइटवरून पूर्वी फुटलेल्या यादीतला असतो. चित्रीकरण बहुधा थापच. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर आपला ईमेल पत्ता कुठल्या ज्ञात गळतींमध्ये होता ते पाहता येतं. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, आणि तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर बदला.

एकदाच करून ठेवायची कामं

पासवर्ड मॅनेजर वापरा. तो पासवर्ड लक्षात ठेवतो हे झालंच, पण माझ्या लेखी त्याचा मोठा गुण वेगळा: तो डोमेन वाचतो आणि कंटाळत नाही. एकदा मी खरोखरच पार्सलची वाट पाहत होतो आणि नेमका ‘पत्ता अपुरा, लॉगिन करा’ असा मेल आला. फोन हातात, डोक्यात दुसरंच काही. लिंक दाबली. पान हुबेहूब, पण मॅनेजरने पासवर्ड भरायला नकार दिला. मी दोनदा वैतागलो, तिसऱ्यांदा पत्ता वाचला. हा लेख लिहिणाऱ्याची ही गत. तेव्हा मॅनेजर हटून बसला तर पासवर्ड हाताने टाईप करू नका.

दुहेरी पडताळणी चालू करा, पण ओटीपी म्हणजे अभेद्य कवच समजू नका. बनावट पान तुमच्याकडून घेतलेला पासवर्ड आणि ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकू शकतं. पासकीचं (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या लॉकने आत जाण्याची सोय) तसं होत नाही, कारण ती मूळ डोमेनलाच जखडलेली असते. सोय असेल तिथे तीच घ्या.

मेलमधली चित्रं आपोआप उघडणं बंद करता येतं, म्हणजे मेल वाचल्याची खबर अदृश्य चित्रातून पाठवणाऱ्याला जात नाही. अनोळखी स्पॅममधलं ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका; पत्ता जिवंत आहे हे त्यातून कळतं. तिथे ‘स्पॅम’ किंवा ‘फिशिंग’ (माहिती चोरण्यासाठी केलेली बतावणी) म्हणून तक्रार करणारं बटण वापरा. तुम्हीच कधीतरी मागवलेल्या पत्रिका मात्र त्या दुव्याने खुशाल बंद करा.

दाबलं गेलंच तर

नुसती लिंक उघडली आणि काही भरलं नाही, तर पान बंद करा आणि ब्राउझर अद्ययावत आहे ना ते पाहा. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं.

पासवर्ड टाकला असेल तर खऱ्या साइटवर आपल्या वाटेने जाऊन तो लगेच बदला. तोच पासवर्ड इतर जिथे वापरला असेल तिथेही बदला, आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय दाबा. कार्डाची माहिती दिली किंवा पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून आधी बँकेला फोन; तिथे मिनिटं मोजली जातात. फाइल उघडली असेल तर संगणकाचं इंटरनेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, कारण त्या संगणकावर टाईप केलेला नवा पासवर्डही चोराला दिसत असू शकतो. कार्यालयाचा संगणक असेल तर तंत्रज्ञांना तेव्हाच सांगा, भले लाज वाटो.

ईमेलचाच पासवर्ड गेला असेल तर आणखी एक जागा बघायची राहते. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ किंवा ‘रूल्स’ तपासा. चोर आत आला की बरेचदा तिथे एक नियम लिहून जातो: बँकेकडून आलेला प्रत्येक मेल माझ्याकडे पाठव आणि इथून पुसून टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. तुम्ही न लिहिलेला असा नियम दिसला की काढून टाका, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आणि दुसरा ईमेल पत्ता तुमचाच आहे ना, तेही तिथल्या तिथे पाहून घ्या.